भिंतीमागचं वासरू

मोबाईल गोठ्यात राहिला म्हणून नकल्या परत गेला, बाकी काही नाही. शुक्रवार होता, रात्रीचे सव्वाअकरा. हसू नका रे, माझ्या ओळखीतलाच आहे तो, आणि थाप मारत असेन तर जीभ झडो.

डेअरीत धारा काढायचा. नकला तर अशा करायचा, की मालकाच्या शिंकेपासून मालकिणीच्या घोरण्यापर्यंत काही सोडलं नव्हतं पठ्ठ्यानं. त्या महिन्यात तांबड्या गाईचं वासरू मेलं. गाय पान्हा चोरायला लागली. बादली कोरडीच. मालक कपाळाला हात लावून बसला.

"मालक, गंमत बघा!" नकल्या भिंतीमागे गेला आणि त्या वासरासारखा हंबरला. हुबेहूब! गाईनं कान टवकारले. पान्हा सोडला. सगळे पोट धरधरून हसले.

मालकीण तेवढी म्हणाली, "मेल्या, तुझी आई असती तर लाजली असती."

आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. ती त्याला 'चिमण्या' म्हणायची, फक्त घरात. बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

वीस दिवस चाललं हे. धार झाली की गाय ती भिंत चाटायची. रोज. हा दात काढायचा, "चाट, चाट! चुना पौष्टिक असतो!"

तर त्या रात्री मोबाईल सापडला. वळला. आणि भिंतीमागून...

"चिमण्या... जेवलास का रे?"

धावला. कुणी नाही.

आवाज आता अलीकडून. "चिमण्या..."

अलीकडे आला. नुसती गाय. रवंथ करत होती. बघत होती.

परत पलीकडून. परत धावला. खोटं आहे, कळत होतं. तरी धावला. तीनदा. चारदा. चप्पल तुटली. "आई... आई गं..."

मग थांबला.

गाय अजून बघत होती.

त्याची मान वर होईना. माफी मागायची होती. पण तिच्या भाषेतला त्याला एकच शब्द येत होता. वासराचा. आणि तो आता कुठल्या तोंडानं...

...

तसाच अनवाणी घरी आला. कुलूप काढलं. दिवा लावला.

आईच्या खाटेशेजारची भिंत. कमरेएवढ्या उंचीवर चुना गेलेला. आतली वीट दिसत होती.

हात लावला.

ओली होती.