रिकाम्या गाडीचं वजन

निजामाच्या राजवटीत हिंगोलीहून नरसीकडे सडक होत होती, तेव्हाची ही गोष्ट. सडकेचा मुरूम बैलगाड्यांनी वाहायचा. ज्याची गाडी, ज्याचे बैल, त्याचीच मजुरी. पण कंत्राटदार पक्का होता. वाटेतल्या ओढ्यावर लाकडी पूल होता, म्हणून भरल्या गाडीच्या वजनाला त्यानं हद्द घालून दिली आणि मजुरी मात्र नुसत्या मुरमाची ठेवली. गाडी जितकी हलकी, तितका मुरूम जास्त. मग काय, गाडी हलकी करायची चढाओढच लागली. कुणी तट्टे काढले, कुणी फळ्या तासून पातळ केल्या. तांड्यावरच्या थावरानं तर कहरच केला. बैल सोडून, पुढची लांब दांडी म्हणजे धूर वर उचलून गाडी उलाळली, की मागचे दोन जाड टेकू भुईला लागायचे आणि मुरूम बेतानं घसरायचा. त्यानं ते टेकूच काढून टाकले.

मागची फळी ओढायला त्याची बायको धुरपता सोबत यायची. दोन जिवांची होती.

"टेकूबिगर मला भ्या वाटून राहिलं," ती म्हणाली.

"अगं, चार पाट्या जास्ती बसतात. लेकराला दूध नको का?"

तिनं फळी ओढली आणि गाडी एकदम उलाळली. सगळा मुरूम तिच्या अंगावर आला. थावरानं हातांनी उपसला, त्याची नखं निघाली. पण तोवर सगळं संपलं होतं.

दिवसपाणी झाल्यावर तो पुन्हा कामावर गेला. घर खायला उठत होतं, दुसरं करणार काय?

गावाबाहेरच्या जिनिंगच्या आवारात गाडीकाटा होता. रोज सकाळी तिथं आधी रिकामी गाडी तोलायची. मुनशी माणिकरावांनी काटा पाहिला आणि कपाळाला आठी घातली.

"थावरा, गाडीवर कोण बसलंय?"

"कोणी न्हाई, सायब."

माणिकरावांनी वाकून गाडीखाली पाहिलं, दुसरी गाडी चढवून पाहिली. तिचं बराबर आलं. थावराच्या गाडीचं मात्र एका माणसाएवढं जास्तच भरत होतं.

तेवढ्यावर थांबतं तर बरं. वजन हळूहळू वाढतच गेलं. थावरानं फळ्या पुन्हा तासल्या, आस बदलला, तरी काट्यापाशी मुरमाच्या पाट्या उतरवायची पाळी येई. मजुरी घटली. मुनशी म्हणाले, "असंच चाललं तर तुझी गाडी बंद करावी लागंल." आणि रिकामी गाडी चढणीला लागली, की धूर आपोआप वर उठायची... मागच्या फळीवर कुणी टेकून बसावं, तशी. कडक उन्हातही ओल्या मुरमाचा वास यायचा. थावरा मागं वळून बघायचा नाही.

एके दिवशी त्यानं याडीला, म्हणजे आईला, सांगितलं. रुख्मिणीबाई ज्वारी निवडत होती. तिचा हात थांबला.

"कवापासून?"

"ती गेल्यापासून..."

"एकदम वाढलं, का थोडं थोडं?"

"थोडं थोडं."

म्हातारीनं आढ्याकडे पाहिलं. तिथं धुरपतानं आरशांच्या ओढणीची झोळी बांधून ठेवली होती. जन्माआधी झोळी बांधू नको म्हणून सासूनं तेव्हा रागावून पाहिलं होतं; पण ती गेल्यावर झोळी सोडायचा धीर कुणालाच झाला नव्हता.

"तिला पाचवा लागला व्हता," याडी एवढंच बोलली.

त्या संध्याकाळी थावरानं दोन्ही टेकू पुन्हा बसवले.

"आता काहून?" याडीनं विचारलं.

"तिला भ्या वाटत व्हतं."

आणि तो ढसढसा रडला. दुसऱ्या दिवसापासून गाडीच्या मागच्या बाजूला एक गोधडी अंथरलेली दिसू लागली. खड्डा आला की थावरा उतरून बैलांना हातानं धरून न्यायचा. पोटापुरतीही मजुरी पडत नव्हती, लोक त्याला खुळा म्हणत होते. पण त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. गाडी जड आहे तोवर ती सोबत आहे, एवढंच त्याला कळत होतं.

मग एका सकाळी माणिकराव काट्यावरून ओरडले, "अरे थावरा! टेकवांसकट मूळचं वजन आलं की! सुटलास बाबा. भर आता मन भरून."

थावरानं हातातला कासरा टाकला. त्यानं मागं जाऊन पाहिलं. गोधडी ओलीचिंब होती.

मुनशी हाका मारत राहिले. त्यानं गाडी रिकामीच वळवली आणि तांड्याकडे पिटाळली.

याडी उंबऱ्यात बसली होती. त्याला बघताच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू... आत्ताच निजलंय."

थावरानं आत डोकावलं. झोळी ओझ्यानं खाली ओढली गेली होती आणि सावकाश हलत होती. तिला बांधलेला दोर ताणला जायचा, सैल व्हायचा, पुन्हा ताणला जायचा. घरात दुसरं कुणी नव्हतं, आणि याडीचे दोन्ही हात तिच्या मांडीवर होते.