बॉयलर थंड असेपर्यंत

कळंबच्या रस्त्याला एका खासगी पर्यटन केंद्रात वाफेचं जुनं इंजिन दुरुस्त करून ठेवलं होतं. दीड किलोमीटरचे गोल रूळ, तीन डबे, रविवारी लेकराबाळांची गर्दी. त्याचा बॉयलर सांभाळायची नोकरी मला मिळाली. मी डिप्लोमा झालेली, बॉयलरची परीक्षा पास; तरी गॅस बंद केलाय का बघायला अर्ध्या रस्त्यातून घरी परत जाणारी बाई. तेव्हा सांगते ते त्या बेतानं ऐका.

आमच्या बोअरचं पाणी जड. दर महिन्याला इंजिन थंड करून बॉयलर धुवावा लागतो, नाहीतर आत क्षार बसतो. त्या शनिवारी सकाळी तेच काम होतं. खालच्या भोकांची झाकणं काढली, पाइपनं पाणी मारलं, पांढरे पापुद्रे खळखळ बाहेर आले. गाळ राहिलाय का बघायला मी बॅटरी घेऊन भोकापाशी वाकले. आतून ओल्या चुन्याचा, गंजाचा गार वास आला. आणि आवाज.

"चिऊ, ये... चिऊ, ये..."

माझी संबोधी. अडीच वर्षांची. ती तर घरी, सासूबाईंजवळ, अकरा किलोमीटरवर.

"नानासाहेब, जरा इकडं या."

नानासाहेब रेल्वेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांनी भोकाला कान लावला.

"पाणी गळायलंय टपटप. दुसरं काय न्हाय." मग माझ्याकडं बघून हसले. "पौर्णिमाबाई, सकाळपासनं घरी कितीदा फोन झाला?"

"चारदा."

"मग पाचवा करा अन् मोकळ्या व्हा."

व्हिडिओ कॉल लावला. संबोधी मुठीत तांदूळ घेऊन उंबऱ्यावर बसली होती. मागून सासूबाई म्हणाल्या, "आगं, आत्ताच तर केलतीस! पळून चालली का तुझी लेक?"

"चिऊ, ये," बॉयलरमधून आलं.

मग स्क्रीनवर संबोधीचे ओठ हलले. "चिऊ, ये."

आधी आतून. मग फोनमधून.

नेटवर्क मागं पडत असेल, अशी मी मनाची समजूत घातली. आतला आवाज कुठून येतो, हे मात्र स्वतःला विचारलं नाही. बाळंतपणानंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मनातल्या भीतीचं ऐकत बसू नका. मी एरवी कुणाचं ऐकत नाही. नेमकं त्या दिवशी ऐकलं.

झाकणं आवळली, पाणी भरलं. रविवारच्या फेरीआधी एकदा वाफ धरून बघायची होती. नानासाहेबांनी भट्टीत लाकडं रचली. रॉकेलचा बोळा मी पेटवला.

"आये..." बंद लोखंडापलीकडून, अगदी बारीक. "आये, मला..."

मी बोळा आत टाकला. लाकडांनी पेट घेतला आणि आवाज तुटला.

सुटले बाई, असं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला.

"पोरगी बोलता बोलता गप झाली गं," सासूबाई म्हणाल्या. "तोंड हलवती... आवाजच न्हाय."

कळंबच्या दवाखान्यात घसा तपासला. घसा चांगला होता. रविवारी इंजिन दिवसभर धावलं. सोमवारी दुपारी बॉयलर हात ठेवण्याइतका निवला, आणि त्याच सुमाराला घरी संबोधी "चिऊ" म्हणाली.

पुढच्या रविवारी पुन्हा तसंच. आग लागली की ती गप, बॉयलर निवला की बोलकी. मग मी नानासाहेबांना घरी नेऊन तिचे ते मुके ओठ दाखवले. ते या वेळी हसले नाहीत.

"मला त्या बॉयलरात काय ऐकू येत न्हाय, बाई. पण हे बघितलं डोळ्यानं. नळ्या गळत्यात म्हणून लिहा. मी सही करतो."

"खोटं निघालं तर तुमचं नाव जाईल..."

"जाऊ द्या. लेकरू बोललं पायजे."

मी रिपोर्ट लिहिला. आठ महिने इंजिन शेडमध्ये थंड उभं राहिलं. त्या आठ महिन्यांत संबोधी इतकी बोलली, की सासूबाई म्हणायच्या, "कानात बोळे घालू का गं आता?"

मग गेल्या महिन्यात मी सुटीवर असताना ट्रेलर आला आणि इंजिन घेऊन गेला. मॅनेजर म्हणाले, दुसऱ्या पार्टीला दिलं, ते नळ्या बदलून चालवणार. कुठं, ते सांगेनात. नानासाहेबांनी जुन्या ओळखीच्या चार-पाच ड्रायव्हरांना विचारलं. कुणालाच पत्ता नाही.

आता मी नोकरी सोडून घरीच असते. तिला आकडे शिकवलेत, पाचापर्यंत. मोजत राहिली म्हणजे मला सारखं ऐकू येतं. हे लिहितेय तेव्हा ती अंगणात शेजारच्या जाईबाईंच्या कोंबड्या बोटानं मोजतेय. एक. दोन. तीन. चार.

पाच ऐकू आलं नाही.

मी दारात आले. तिचे ओठ हलत होते. पाचव्या कोंबडीवर थांबून पुन्हा एकपासून सुरू करायचं, एवढंच तिला येतं. पण बोट सहाव्या कोंबडीवर गेलं. मग सातव्या. मग आठव्या. दर वेळी ओठ वेगळे हलले, सावकाश, कुणाच्या तरी मागून म्हणावं तसे.