झुकलेला 'क'

शहरातील प्रत्येक टाइपरायटरचा नमुना आमच्या कचेरीत असे. दरवर्षी मालकाने यंत्र उचलून आणायचे, आमच्यासमोर सर्व अक्षरे उमटवायची, सही करायची; तो कागद मी कप्प्यात लावीत असे. माणसे खोटे बोलतात, झिजलेला धातू बोलत नाही, हे माझे ठरलेले वाक्य.

त्या मंगळवारी साहेबांनी बंदी घातलेल्या कामगार संघटनेचे पत्रक टेबलावर टाकले.

"जेवणाच्या सुट्टीआधी यंत्र सापडलं पाहिजे. टाइप करणाऱ्याला सरळ सात वर्षं."

मला भिंग लागले नाही. प्रत्येक 'क' डावीकडे तीन अंश झुकलेला. लहानपणी वडिलांचे यंत्र माझ्या हातून पडले, तेव्हापासूनचा हा बाक. ते यंत्र आता ताईकडे होते. दरवर्षी तिचा नमुना लावताना तो 'क' पाहून मी ओशाळत असे.

साहेब पाठीशी उभे. मी ताईचा कप्पा उघडला.

अकरा वर्षांचे अकरा कागद. सगळ्यांवर 'क' सरळ. कोनमापक लावला: शून्य. ताईची सही तीच, एका कोपऱ्यावरचा माझ्या चहाचा डागही तोच.

"काय हो, जुळतंय?"

"नाही, साहेब."

इतके खरे उत्तर देताना मला कधी घाम फुटला नव्हता. मी अहवाल टाइप केला. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही ठोकली.

संध्याकाळी ताईने पाठीत धपाटा घातला. "पत्रक माझंच. कागद बदललेस ना गाढवा? नोकरी गेली असती!"

"मी काहीच केलं नाही, ताई."

"बरं, नाही केलंस. हात धू, जेवायला बस." ती हसत होती, डोळे पुशीत होती.

मी तिच्या यंत्रावर एक 'क' उमटवला. सरळ. गणित सुटत नव्हते. पण ताई घरी होती. मी दोन घास जास्तच जेवलो.

सकाळी अहवालाची प्रत फायलीत लावायला घेतली. 'पत्रकातील अक्षरे कोणत्याही यंत्राशी जुळत नाहीत.'

प्रत्येक 'क' डावीकडे झुकलेला.

तीन अंश.

कचेरीच्या स्वतःच्या यंत्राचा नमुना घ्यायचा नियमच नव्हता. म्हणजे कोणी तपासणार नव्हते. मी सुटकेचा निःश्वास सोडला, आणि जुनी फाइल उघडली. मग त्याआधीची.

अगदी पहिला अहवाल पंधरा वर्षांपूर्वीचा. त्यातही तोच बाक. वाकड्या 'त'वरून मी एका शिक्षकाचे यंत्र ओळखले होते. "हे माझं यंत्र नव्हे," असे तो शेवटपर्यंत म्हणत राहिला.

त्याचे नमुने तिसऱ्या कपाटातल्या एका कप्प्यात आहेत.

तो कप्पा मी अजून उघडलेला नाही.