एकट्या वाघाचा डाव

सिद्धेश्वराच्या देवळात लोक देवासाठी येतात. हिंदुरावांची लेक सोजर मात्र दर सोमवारी एका पायरीसाठी यायची. तळ्याच्या अंगाची ती रुंद, गार पायरी. तिच्यावर कुणीतरी कधीकाळी वाघ-बकरीचा पट कोरून ठेवला होता. सोबत आलेली गोजरबाई आत्या देवाला म्हणून आत गेली की ओळखीच्या बायकांत जी रमायची, ती दिवेलागणीलाच बाहेर यायची. तेवढ्या वेळात सोजर पदराची गाठ सोडायची, चिंचोके काढायची, एक काळाभोर बिब्बा काढायची आणि एकटीच डाव मांडून बसायची. चिंचोके म्हणजे शेळ्या, बिब्बा म्हणजे वाघ.

खेळ तसा पोराठोरांना ठाऊक असलेला. शेळीच्या मागची जागा रिकामी असली की वाघ तिच्यावरून उडी मारून तिला खातो. आणि शेळ्यांनी सगळीकडून वाट अडवली की वाघ कोंडतो. सगळं जग वाघ तीन घेतं. पण आमच्या सोजरची तऱ्हाच न्यारी! ती वाघ एकच घ्यायची आणि शेळ्या एकेक करून वाढवत बघायची. एकट्याला किती जण भारी पडतात, हे तिला कळून घ्यायचं होतं. थोड्या शेळ्या असल्या की वाघ चवीनं खायचा. एक वाढवली, तरी खायचा. अजून एक वाढवली... आणि काय व्हायचं कुणास ठाऊक, तोच वाघ, तोच पट, पण त्याला हलायला जागा म्हणून उरायची नाही. एकच तर शेळी वाढली, मग एवढा फरक कशानं पडतो? भाकरी थापतानासुद्धा तिच्या डोक्यात हाच भुंगा असायचा.

संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा नुकती उठली होती. मोकळ्या पटांगणावरून वाऱ्याचा एक झोत आला आणि एक चिंचोका टुणटुणत खालच्या पायरीवर गेला. तिथं तेलाचे डाग पडलेला एक बूट होता. बुटाच्या मालकानं वाकून चिंचोका उचलला.

"तुमची शेळी पळाली."

सोजरनं वर बघितलं. सावळा, हडकुळा, डोळे मात्र हसरे. खाकी शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"पळाली न्हाय. वारं आलं," ती म्हणाली.

"आन् वाघ मेला की हो तुमचा."

"वाघ मरत नसतो. कोंडतो."

"मग सोडवा की त्याला!"

"एवढी माया आली असंल तर तुमी सोडवून दावा."

म्हणाली खरी, आणि लगेच जीभ चावली. परक्या माणसाशी हे काय बोलणं! पण तो मध्ये चांगलं हातभर अंतर ठेवून बसलासुद्धा. नाव जालिंदर, मूळचा कुर्डुवाडीचा, रेल्वेत फिटर, बदली होऊन नुकताच सोलापुरात आलेला. एवढं सांगेपर्यंत त्याचा वाघ कोंडला होता. तो मनापासून हसला, उठला, हात झटकले आणि तिच्याकडे न बघता तळ्याला सांगितल्यासारखं म्हणाला, "माजी सुट्टी सोमवारीच असती."

मग काय! सोमवार उजाडला की सोजरची वेणी दोनदा घातली जाऊ लागली. कधी तो रुमालात गरम हुरडा बांधून आणायचा, कधी ती शेंगाची चटणी पानात गुंडाळून न्यायची. चटणी घेताना बोटाला बोट लागायचं... आणि मग बराच वेळ दोघंही पटाकडेच बघत बसायची. आत्या लांबून सगळं बघत होती. पण आत्या फार शहाणी बाई, तिची प्रदक्षिणा दर सोमवारी लांबतच चालली होती.

एक गोष्ट मात्र सोजरला उलगडत नव्हती. हा गडी दर वेळी एकटा वाघच मागून घ्यायचा, आणि दर वेळी हरायचा.

"आज शेळ्या तुमी घ्या की," ती म्हणायची.

"नको. मला माजा वाघच बरा."

"लाज न्हाय वाटत हारायची?"

"हारतोय कुटं? बसतोय की निवांत."

एकदा खेळता खेळता तोच म्हणाला, "तुमचं ते कोडं सुटलं बगा. शेळ्या वाढल्या म्हनून वाघ हारत न्हाय. एकेकटी असली की तो खातोच. पर दोगी एकीमागं एक उभ्या ऱ्हायल्या, की उडी बसत न्हाय. तेवढी एक शेळी वाढली, की परत्येकीच्या पाठीला कुनीतरी येतंय."

सोजरचे डोळे मोठ्ठे झाले. "अगं बया! खरंच की!"

"आन् वाघाच्या पाठीला कुनीच नसतंय," तो म्हणाला. हसतच म्हणाला, पण सोजरनं उचललेला चिंचोका परत खाली ठेवला. विचारावंसं वाटलं, विचारलं नाही.

उन्हाळा तोंडावर आला आणि एका सोमवारी सोजरनं चिंचोके काढलेच नाहीत.

"पुढच्या ऐतवारी अकलूजची मानसं येनार हायत. मला बगायला," ती पायरीकडे बघत म्हणाली. "आन्नांनी जवळजवळ ठरवलंच हाय."

तळ्यावरचं वारं पडलं.

"तुमाला काय वाटतंय?" त्यानं विचारलं.

"मला... मला सोमवार पायजे," सोजर म्हणाली आणि पदराची न सोडलेली गाठ तिनं मुठीत धरली.

"मग ऐतवाराच्या आदी मी येतो तुमच्या घरी."

"संगं कोन कोन?"

"मी."

"आन्?"

"आन् मीच."

सोजरनं कपाळावर हात मारला. तिच्या घरची रीत तिला माहीत होती ना! वैराग गावाहून सोलापुरात येऊन पिढी गेली, तरी ती रीत मोडली नव्हती. मागणी घालायला आलेल्या पोराला बाहेरच्या सोप्यात बसवायचं आणि वडील आण्णा, कोंडीबा तात्या, झाडून सगळे चुलते भोवती बसून त्याला खोदून खोदून विचारायचे. पसंत पडला तर थोरले कोंडीबा तात्या आत हाक द्यायचे, "चहा आना!" नाही पडला तर तांब्याभर पाणी पाजून वाटेला लावायचे. चुलत बहिणीला बघायला आलेला एक जण तर पाणी पिऊन असा सुटला, की चपला न्यायलाही परत आला नाही. दहाजणांना घेऊन आलेल्यांची ही गत, तर एकट्याचं काय होणार?

"कोपऱ्यात बसू नगा," तिनं बजावलं. "एकेकाला उत्तर द्या. दोगांना एकत्र येऊ देऊ नगा."

शनिवारी संध्याकाळी तो आला. सोजर आत चुलीपाशी, चहाचं आधण ठेवून, कान मात्र दाराला. एका चुलत्यानं भिंतीकडेचा पाट दाखवला तर जालिंदर म्हणाला, "मी हितं मदी बसतो की," आणि खरंच मधोमध बसला! सोजरला हसू फुटलं.

पगार विचारला, सांगितला. व्यसन विचारलं, "चहाचं हाय," म्हणाला. एक चुलता चक्क हसला. सोजरनं चहात साखर टाकली.

पण मग दोघं चुलते एकदम बोलायला लागले. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं त्याला जोड द्यायची.

"आईबाप?"

"न्हाईत. आई आठवत न्हाय. वडील लाइनीवर गँगमन हुते, तेबी गेले."

"मग चुलते? मामा?"

"कुनी न्हाय."

"उद्या पोरीला दुखलं-खुपलं तर कुनाच्या तोंडाकडं बगायचं तिनं?"

"आन् तुमी चुकला, तर कान धरायला कोन हाय?"

"मानसाच्या मागं मानूस पायजे, पावनं," आण्णा शेवटी म्हणाले. ते वाईट नव्हते हो, लेकीचे बाप होते.

सोजरनं दाराच्या फटीतून बघितलं. भोवती सगळे, मध्ये तो. तसाच्या तसा कोंडलेला.

आणि जालिंदर हसला. पायरीवर हसायचा तस्साच.

"कोंडलो," तो म्हणाला. "मान्य हाय. खरं सांगू का? मी जितायला आलोच नव्हतो. आमच्या घरात ताट एकच. ल्हानपनी वडील लाइनीवर असायचे, जेवताना भिंतीशी बोलायचो मी. आज एवढी मानसं माज्याभोवती बसल्यात, मला खडसावून इचारत्यात... जन्मात पयल्यांदा. तुमी न्हाय म्हना, चालंल. पर अजून थोडा वेळ असंच बसू द्या मला."

आत सोजरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. म्हणून हा माणूस दर सोमवारी एकटा वाघ मागून घेत होता! हरून हसत होता! चारी बाजूंनी कुणीतरी असावं, एवढंच तर त्याला हवं होतं.

तात्यांची हाक काही येईना. चहा मात्र उतू आला. सोजरनं डोळे पुसले, कप भरले, आणि हाक नसताना तबक घेऊन सोप्यात आली.

"तुला कुनी बोलावलं गं?" आण्णा ओरडले.

"कुनी न्हाय. माजी मी आले." तिनं पहिला कप जालिंदरसमोर ठेवला आणि जाऊन त्याच्या पाठीमागं उभी राहिली. "मानसाच्या मागं मानूस पायजे म्हनलात न्हवं आन्ना? ह्यांच्या मागं मी हाय."

जालिंदरनं कप उचलला, पण तोंडाला लावला नाही. सोजर जागची हलली नाही.

कोंडीबा तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. सोजरला वाघ-बकरीचा खेळ लहानपणी शिकवला होता तो त्यांनीच.

"हिंदुराव, ह्याच्यावरनं आता उडी बसत न्हाय बाबा," ते आण्णांना म्हणाले आणि तबकातला कप उचलून भुर्रकन घोट घेतला. "साकर लई झालीय, पोरी!"

आण्णा लेकीकडे बघत राहिले. मग त्यांनीही कप उचलला. "अकलूजला निरोप धाडा कुनीतरी," ते खाली बघत म्हणाले, आणि आत आत्यानं आनंदानं पातेलंच पाडलं.

सोमवारी पायरीवर सोजरनं पदराची गाठ सोडली. चिंचोक्यांबरोबर बिब्बे दोन निघाले.

"दुसरा कुनाचा?" जालिंदरनं विचारलं, जसं काही माहीतच नाही.

"इचारताय व्हय! माजा."

"मग शेळ्या कोन घेनार?"

"सरका तिकडं," मागून आत्या म्हणाली. ती आज देवळात गेलीच नव्हती. पदर खोचून ती पायरीवर बसली आणि चिंचोके पुढं ओढले. "सगळं घर हाय माज्याकडं. बगू, दोगं मिळून कुटं पळताय ते."