धात्रीचा शेरा

तेजलचं डावं बुबुळ थरथरत होतं. डॉ. नीरजा टिळेकरने घड्याळ लावून मोजलं: सेकंदाला तीनदा. पापणी मिटली तरी आतली हालचाल दिसत होती.

गरोदरपणाचा अकरावा आठवडा, आणि सततच्या ओकाऱ्यांनी वजन दहा किलोंनी उतरलेलं. मेंदूला लागणाऱ्या जीवनसत्त्व बी-एकचं इंजेक्शन नीरजाने दिलं होतं. पण ओकाऱ्या थांबल्या नसत्या तर आधी तेजलचा मेंदू हातचा गेला असता, मग बाळ. बाळाच्या वारेतून सुटणारं, ओकाऱ्या आणणारं संप्रेरक मेंदूपर्यंत पोचू न देणारा ‘संप्रेरकरोधक’ शेजारच्याच कपाटात होता. मात्र त्या कपाटाचं कुलूप ‘धात्री’ हे निदानयंत्रच उघडत असे, तेही केस गंभीर ठरवली तरच. पडद्यावर चौथ्यांदा तोच शेरा उमटला: सामान्य.

“सामान्य?” तेजलची आई कडाडली. “डॉक्टरीणबाई, पोरीच्या पोटात पाण्याचा घोट ठरंना, आन् तुमचं डबडं म्हणतंय सामान्य! त्याला एकदा डोहाळे लागू द्यात, मग विचारा!”

नीरजा तडक यंत्रकक्षात, धात्री सांभाळणाऱ्या सारंगकडे गेली. “सारंग, तुझं यंत्र आंधळं आहे का?”

“यंत्र बरोबर चालतंय, मॅडम. गंभीर कशाला म्हणायचं, हे त्याला कुणी शिकवलेलंच नाही. ते जुने केसपेपर वाचून शिकलं. अशा बाईसमोर डॉक्टरांनी जे लिहिलं, तेच ते लिहितं.”

“कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?”

सारंग घुटमळला. “ज्यांच्या नोंदी सर्वांत नीटनेटक्या, त्यांना धात्रीने सर्वांत जास्त महत्त्व दिलं. सहा हजार केसपेपर आहेत, मॅडम.” त्याने पडदा तिच्याकडे वळवला.

वळणदार, सुबक अक्षर. ‘वजन आठ किलोंनी कमी. लघवीत उपासमारीचे किटोन. सामान्य. धीर दिला.’ खाली सही: नी. टिळेकर, निवासी डॉक्टर.

“बायका कांगावा करतात,” असं तिचे सर एकदाच म्हणाले होते. तिने ते सहा हजार वेळा लिहिलं होतं.

धात्री बंद करायचा अधिकार विभागप्रमुख म्हणून तिच्याकडेच होता. ‘धात्रीच्या चुकांचा आणखी पुरावा जमू दे’ म्हणत तिने आठ महिने काढले होते. त्या आठ महिन्यांत किती तेजल घरी पाठवल्या, याचे आकडे तिला तोंडपाठ होते.

“मॅडम? रुग्णालयाच्या समितीला कळवायचं का?”

“नंतर कळव. आधी धात्री बंद कर, आणि कपाटाचं कुलूप तोड. कुणी विचारलं तर सांग, टिळेकरबाईंनी स्वतःचाच शेरा खोडलाय.”