कुलूप शाबूत, पेटी रिकामी!

भिंगरीने गळ्यातली किल्ली कुलपात फिरवली. चौघांनी मिळून लोखंडी पेटीचं जड झाकण वर ढकललं, आत डोकावलं, आणि ढब्बूच्या हातातलं अर्धं केळं मातीत पडलं.

"रिकामी!"

"रिकामी कशी असेल? नीट बघ!" वकील ओरडला. सतत वाद घालायचा, म्हणून त्याचं नावच वकील पडलं होतं.

"अरे, पेटी आहे ती, महासागर नाही! यात काय नीट बघायचंय?" ढब्बू म्हणाला.

एक फुटकं घमेलं तेवढं तळाशी पालथं पडलं होतं. सहा फावडी, चार टिकाव, तीन दाताळी, दोन कुदळी, पहार, करवत... सतराच्या सतरा अवजारं गायब! आणि कुलूप? कुलूप तर आत्ता भिंगरीच्याच हातात होतं, धडधाकट. पेटीला झाडाशी जखडणारी साखळीसुद्धा जशीच्या तशी.

भिंगरी पेटीच्या काठावरच बसली. "चार वाजता मॅडम येणार आहेत," ती कशीबशी म्हणाली.

ते सगळ्यांनाच ठाऊक होतं. जंगलातली ही सायकलवाट भिंगरीच्या आत्याने सहा वर्षं खपून, सुटीच्या दिवशी येईल त्याला हाताशी धरून तयार केली होती. उंचवटे, वळणं, ओढ्यावरचा लाकडी साकव, सगळं हाताने. मागच्या शनिवारी सकाळी आत्या नेहमीप्रमाणे पहिली फेरी मारायला निघाली. मोठ्या उंचवट्यावरून तिची सायकल हवेत गेली, आणि पलीकडच्या उतरणीवर नेमका एक टिकाव आडवा पडलेला! आत्याचा घोटा दोन ठिकाणी मोडला.

वनाधिकारी मॅडम त्याच दिवशी येऊन गेल्या. "खणायची अवजारं अशी उघड्यावर? उद्या एखादं लहान मूल त्यावर पडलं तर?" त्यांनी वाट बंद केली आणि बजावलं, "शुक्रवारी चार वाजता येईन. यादीप्रमाणे सगळी अवजारं पेटीत दिसली पाहिजेत, कुलूपबंद. एक जरी कमी निघालं, तर सोमवारी यंत्र लावून सगळे उंचवटे सपाट करीन!"

आज शुक्रवार होता. बारा वाजून गेले होते.

"आत्याला सांगू या," सगळ्यांत छोटी टिकली म्हणाली.

"नाही!" भिंगरी एवढ्या जोरात ओरडली की टिकली दचकली. "तिला नाही सांगायचं. ती आधीच... नाही म्हणजे नाही!"

भिंगरीच्या मनात जे सलत होतं ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. अपघाताच्या दोन दिवस आधी चौघं आत्याबरोबर इथे काम करत होती, आणि शेवटी टिकाव तिच्याच हातात होता. तो तिने पेटीत ठेवला होता का? ठेवला होता. बहुतेक. की मोठ्या उंचवट्यापाशी टेकवून पाणी प्यायला गेली, ती तशीच विसरली? सहा दिवस ती आठवून आठवून थकली होती. विचारणाऱ्या प्रत्येकाला आत्या पलंगावरून सांगत होती, "मीच विसरले असेन हो, वय झालं आता." आणि ते ऐकताना भिंगरीला जमिनीने पोटात घ्यावंसं वाटत होतं.

"मग शोधायचं!" वकिलाने हेल्मेट डोक्यावर चढवलं. "सतरा अवजारांना पाय फुटत नाहीत."

त्यांनी वाटेच्या आजूबाजूचं जंगल पालथं घातलं. झुडपं, ओढ्याचा काठ, साकवाखालची कपार! काट्यांनी हात ओरबाडून निघाले. ढब्बू एका खड्ड्यात गुडघाभर चिखलात रुतला आणि बाहेर आला तो एकच बूट घेऊन. एक वाजला, दोन वाजले. हाती काय लागलं? एक गंजकी घंटी आणि ढब्बूचा दुसरा बूट.

दमून चौघं पुन्हा पेटीपाशी आली.

"कुणाकडून तरी उसनी आणू," ढब्बू म्हणाला.

"सतरा? यादीवर प्रत्येकाचं वर्णन आहे, बाबा!" वकिलाने हात टेकले. "शिवाय, किल्ली एकच, ती भिंगरीच्या गळ्यात. मॅडम पहिल्यांदा कुणाला विचारतील?"

तिघंही भिंगरीकडे बघू लागली. तिचे डोळे भरून आले. "मीच विसरले रे त्या दिवशी! टिकाव मीच बाहेर ठेवला असणार. आत्या माझ्यामुळे पडली. आणि आता वाटही माझ्यामुळेच जाणार!"

ढब्बूने खिशातलं शेवटचं बिस्कीट तिच्यापुढे धरलं. ढब्बूने स्वतःहून बिस्कीट द्यावं, म्हणजे प्रसंग फारच बिकट होता!

टिकली मात्र पेटीच्या मागे उकिडवी बसून काहीतरी न्याहाळत होती. "एक विचारू? बाकीची पेटी गंजलीय ना? मग हे नट एवढे चकचकीत का?"

"कुठले नट?"

"झाकणाच्या बिजागऱ्यांचे. हे बघा, कडा घासल्या गेल्यात. कुणीतरी पाना लावलाय. एकदा नाही, खूपदा!"

वकील धावत मागे गेला. त्याने नट चिमटीत धरून फिरवला. तो सहज फिरला! "अरे देवा! नट बाहेरच्या बाजूला आहेत! कुलपाला हात न लावता मागून झाकण उचलायचं, माल काढायचा, परत नट आवळायचे. पुढे कुलूप बिचारं राखण करत बसलंय!"

भिंगरीने डोळे पुसले. तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. "खूपदा? म्हणजे... मागच्या आठवड्यातसुद्धा?"

"म्हणजे तो टिकाव तुझा नसेलच कदाचित!" टिकली म्हणाली.

तेवढं 'कदाचित' भिंगरीला पुरलं. ती ताडकन उठली. पेटीमागे गवत दबलेलं होतं, आणि त्यातून एका चाकाचा खोलगट ठसा निघाला होता. एकचाकी हातगाडीचा! सायकली हाताने ढकलत चौघं ठशामागोमाग पळत सुटली. मोठ्या उंचवट्यापाशी येताच भिंगरी थबकली. ठसा सायकलवाटेला आडवा छेदून गेला होता. बरोबर त्या उतरणीवर, जिथे आत्या पडली होती!

"इथे गाडीला हिसका बसला असणार, आणि टिकाव घसरून पडला," वकील हळूच म्हणाला. या वेळी त्याच्याशी कुणीच वाद घातला नाही.

जंगलाच्या पलीकडच्या कडेला रस्त्यालगत एक लांबलचक चर खणला जात होता. नळ टाकायचं काम चाललं होतं. पाच कामगार खणत होते आणि पिवळ्या टोपीतला मुकादम सावलीत खुर्ची टाकून बसला होता. आणि कामगारांच्या हातात? निळ्या दांड्यांची फावडी! तो निळा रंग भिंगरीने स्वतः लावला होता.

"आमची अवजारं!" ती धावत पुढे गेली. "काका, ही आमची आहेत! आम्हाला आत्ताच्या आत्ता हवीत!"

"कुणाची?" मुकादम खुर्चीतून हललासुद्धा नाही. "निळा रंग काय तुमच्या घरचा आहे? बाजारात पन्नास दुकानांत मिळतो. चला, निघा इथून! चरात पडलात तर निस्तरायचं कुणी?"

"पण काका..."

"निघा म्हटलं ना! नाहीतर तुमच्या घरी येऊन तक्रार करीन, पोरं कामात अडथळा आणतात म्हणून!"

चौघं झाडीमागे सरकली. साडेतीन वाजले होते. अवजारं डोळ्यांसमोर होती आणि हात लावता येत नव्हता.

"अरे, तो गाडी भरायला लागला!" टिकली कुजबुजली.

खरंच! मुकादम घाईघाईने फावडी गोळा करून हातगाडीत टाकत होता. पलीकडे त्याचा टेम्पो उभा होता. एकदा का माल टेम्पोत गेला, की गेला!

"मॅडमना इथेच आणायचं," भिंगरी म्हणाली.

"वेड लागलंय का? त्यांना पेटी रिकामी दिसेल!" ढब्बू म्हणाला.

"दिसू दे. मीच सांगणार त्यांना, पेटी रिकामी आहे म्हणून. लपवून काय होणार आहे?" ती ढब्बूकडे वळली. "ढब्बू, तू जा. फाटकाशी त्यांची जीप येईल. सुसाट जा!"

"मी?"

"उतारावर तुझ्याएवढं वेगात कोण जातं?"

"हां, ते खरंय. वजन लागतं त्याला!" ढब्बूने सायकलवर टांग टाकली आणि धूळ उडवत दिसेनासा झाला.

"आता वेळ काढायचा," वकिलाने शर्ट झटकला आणि नम्रपणाचा पुतळा होऊन मुकादमासमोर उभा राहिला. "काका, चुकलंच आमचं. माफी मागायला आलोय. एकच शंका आहे. ही सगळी अवजारं तुमचीच ना?"

"हो!"

"सगळी म्हणजे सगळीच?"

"एकूण एक! आता जा!"

"नाही म्हणजे, घरी सांगायला बरं पडतं. दाताळीपण तुमचीच? नळाच्या चराला दाताळं कशाला लागतं हो? आम्हाला शाळेत शिकवलं नाही."

कामगारांपैकी एक जण हसला. मुकादमाचे कान लाल झाले. तो वकिलावर खेकसत असताना टिकली मांजराच्या पावलांनी हातगाडीखाली शिरली. फुस्स्स! चाकातली सगळी हवा निघून गेली.

मुकादमाने गाडी ढकलली. गाडी एका अंगाला कलली आणि तिथेच बसली. त्याने पुन्हा जोर लावला. गाडी जागची हलेना. "आता हिला काय झालं?" तो कपाळावर हात मारून ओरडला.

पंधरा मिनिटं गेली, मग वीस. वकिलाच्या शंका संपत आल्या. मुकादम चरफडत फावडी हातांनीच टेम्पोकडे नेऊ लागला, तेव्हा भिंगरी सरळ टेम्पोच्या दारात जाऊन उभी राहिली. "मी हलणार नाही." मुकादम दोन ढांगांत तिच्यासमोर आला.

"बाजूला हो!"

"नाही!"

तेवढ्यात जीपचा हॉर्न वाजला. पुढच्या सीटवर चिखलाने माखलेला ढब्बू, आणि शेजारी कपाळाला आठ्या घातलेल्या वनाधिकारी मॅडम!

"काय चाललंय इथे?"

"मॅडम, पेटी रिकामी आहे," भिंगरी एका दमात म्हणाली. "एकही अवजार नाही तिच्यात. ती सगळी इथे आहेत."

"खोटं बोलतेय ती!" मुकादम म्हणाला. "सामान माझं आहे. विचारा कामगारांना!"

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "पुरावा आहे काही?"

भिंगरी गोंधळली. रंगाचं तर मुकादमाने आधीच उडवून लावलं होतं. तिची नजर कामगारांवर गेली. त्यातला एक पिकल्या केसांचा कामगार कमरेवर हात ठेवून कण्हत उभा होता. आणि तिला सुचलं!

"मॅडम, आत्या म्हणते, फावड्याचा दांडा आपल्या हनुवटीइतका हवा, म्हणजे पाठ दुखत नाही. म्हणून तिने आमच्यासाठी चार फावड्यांचे दांडे कापून दिलेत, मापाने. टिकली, ये!"

तिने सगळ्यांत आखूड फावडं उचललं आणि टिकलीसमोर उभं केलं. दांडा बरोबर हनुवटीला लागला. दुसरं वकिलाच्या हनुवटीला. तिसरं ढब्बूच्या, म्हणजे त्याच्या दोन हनुवट्यांपैकी वरच्या! चौथं तिच्या स्वतःच्या.

मग तिने तेच फावडं मुकादमासमोर धरलं. ते त्याच्या छातीपर्यंतही पोचेना.

"तरीच!" पिकल्या केसांचा कामगार म्हणाला. "आठवडाभर वाकून वाकून कंबर मोडली. मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय, ही पोराटोरांची फावडी कुठून आणलीत?"

"तुला कुणी विचारलंय?" मुकादम भडकला. "आमचं सामान आलं नाही म्हणून चार दिवस वापरलं तर काय बिघडलं? रोज संध्याकाळी परत ठेवतोच की!"

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कळलं. त्याने जीभ चावली.

"रोज संध्याकाळी," मॅडम सावकाश म्हणाल्या. "मागच्या शुक्रवारीही ठेवलीत? सगळी? मोजून?"

मुकादमाची मान खाली गेली. "अंधारून आलं होतं. एक टिकाव कमी भरला. म्हटलं, कुठेतरी असेल..."

"त्या टिकावावर पडून माझी आत्या अंथरुणाला खिळलीय!" भिंगरी ओरडली, आणि मग तिला रडू आवरेना. मुकादमाने डोक्यावरची टोपी काढली.

सतरा अवजारं कामगारांनीच वाहून पेटीत आणली. टिकलीने आपल्या पंपाने गाडीच्या चाकात हवा भरून दिली, "तुमचं तुम्हाला परत, काका!" असं म्हणत. मुकादमाला मॅडमनी दुसऱ्या दिवशी कार्यालयात हजर राहायला सांगितलं, आणि तिथे जायच्या आधी भिंगरीच्या घरी जाऊन माफी मागायलाही.

मग त्यांनी पेटीचे नट बोटांनी फिरवून पाहिले आणि मान हलवली. "कुलूप एवढं भक्कम आणि मागचं दार सताड उघडं! हे बदला. नट आतून घ्या, वरून वेल्डिंग करा. ते झालं की वाट सुरू." जीपमध्ये चढता चढता त्या वळल्या. "पेटी रिकामी आहे हे मला कुणी आपणहून सांगेल असं वाटलं नव्हतं. बहुतेक मोठी माणसं सबबी सांगतात. शाब्बास!"

आत्याच्या खोलीत चौघं एकदमच बोलत होती, त्यामुळे तिला निम्मं कळलं नाही. उरलेलं कळलं तेव्हा तिने उशीला डोकं टेकलं.

"आत्या, मला सहा दिवस वाटत होतं, मीच विसरले," भिंगरी पलंगाच्या कडेला बसत म्हणाली. "आणि तू सगळ्यांना सांगत होतीस, तू विसरलीस म्हणून. तुला खरंच तसं वाटत होतं?"

"छे ग! त्या दिवशी मी टिकावाला हातही लावला नव्हता." आत्याने तिचे ओरबाडलेले हात हातात घेतले. "शेवटी तो तुझ्या हातात होता, एवढं मला आठवत होतं. मुलीवर नाव येण्यापेक्षा म्हातारीवर आलेलं काय वाईट?"

भिंगरी तिच्याकडे बघतच राहिली.

"तशी बघू नकोस. सहा दिवस तुझ्यावर उगाच संशय घेतला मी. आता मला माफ कर, आणि काय झालं ते पहिल्यापासून सांग. एकेकाने बोला!"

"पहिल्यापासून म्हणजे," ढब्बू म्हणाला, "माझं केळं पडलं, तिथून!"