रवींद्रच्या गाडीचे पांढरे दिवे

नील, तुझी गाडी आहे, तिला तू खुशाल काय हवं ते लाव. माझं काही म्हणणं नाही. फक्त ते पांढरे दिवे बसवायच्या आधी रवींद्रचं ऐकून घे. मैथिली, तूही बस. अजून अकरासुद्धा वाजले नाहीत.

ही ऐकीव गोष्ट नाही हं. वागळे इस्टेटमधल्या ज्या कंपनीत मी एकतीस वर्षं टाइमकीपरची खुर्ची झिजवली, तिथल्या सेकंड शिफ्टच्या बायकांना रवींद्र रात्री घरी सोडायचा. त्याने माझ्यासमोर, गेटवर बसून, अर्धा चहा तसाच ठेवून हे सांगितलंय. खोटं बोलायलाही माणसाला थोडा उत्साह लागतो. त्याच्यात तेवढाही उरलेला नव्हता.

रवींद्र चोपन्न वर्षांचा. डोंबिवलीला मानपाड्याजवळ राहायचा. गाडी स्वतःची, जुनी, सात माणसांची. दुपारी तीनला ठाण्यात, रात्री पावणेबाराला बायकांना घेऊन परत. चौघी कळवा-मुंब्र्याला उतरायच्या आणि पाचवी, पायल, त्याच्याच भागातली, म्हणून शेवटपर्यंत असायची. चौदा वर्षं हाच रस्ता. त्या रस्त्याने त्याचा जीव पार शिणवला होता. खड्डे, मेट्रोचे खांब, कामाभोवती उभे केलेले पत्रे, आज इकडून वळा, उद्या तिकडून वळा.

आणि त्यात त्याला दिसेनासं झालं होतं.

दिवसा ठीक. रात्री समोरून गाडी आली की सगळं पांढरं धुकं. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात पत्रे कुठे संपतात ते कळेना. बायको हेमा म्हणायची, "अहो, डोळे दाखवून या." हा म्हणायचा, "बघू." कारण त्याला माहीत होतं डॉक्टर काय म्हणणार. मोतीबिंदू. मग आज हा डोळा, महिन्याने तो, आणि तोवर रात्रीची गाडी बंद. एकदा गाडी बंद झाली की ते काम दुसऱ्याकडे जाणार, ते काही परत येत नाही. पाच बायकांना आपण अंदाजाने घरी नेतोय, हे त्याला रोज रात्री टोचायचं. पण सांगायचं कुणाला? अडला हरी...! तर त्याने डोळ्यांऐवजी दिवे बदलायचं ठरवलं.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, अकरा तारीख, मंगळवार. अमावास्या बिमावास्या काही नव्हती, उगाच डोळे मोठे करू नका. दुपारी तो वागळेमधल्या प्रीतमच्या दुकानात गेला. हा प्रीतम गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो. मुलगा सरळ आहे.

"काका, झेनॉनचे पांढरे बल्ब बसवून देतो, पण ऐका," प्रीतम म्हणाला. "तुमच्या दिव्याची घडण हॅलोजनची आहे. त्यात हा बल्ब टाकला ना, तर उजेड सरळ जात नाही, चौफेर फाकतो. तुम्हाला मस्त दिसणार. समोरच्याला काहीच नाही दिसणार."

"समोरच्याचं समोरचा बघेल रे," रवींद्र म्हणाला.

वाईट माणूस नव्हता तो. दमलेला होता. दमलेला माणूस असं काहीतरी बोलून जातो आणि मग ते वाक्य त्याच्या मानगुटीवर बसतं.

अर्ध्या-पाऊण तासात काम झालं. बल्ब बदलले, बॅटरीशेजारी दोन छोट्या डब्या बसवल्या. चालू केल्यावर उजेड आधी निळसर आला, थरथरला, आणि मग पांढराशुभ्र झाला. भरदुपारी समोरच्या भिंतीवर पडलेला दिसला, म्हणजे बघा.

त्या रात्री रवींद्रला रडू यायचं बाकी होतं. रस्ता दिसत होता. खड्डा दिसत होता, खड्ड्यातली खडी दिसत होती. समोरचे लोक सारखे डिपर मारत होते, शिव्या घालत होते. याने काच वर केली. शिळफाटा सोडला तेव्हा मागे पायल झोपली होती. बारा चाळीसला, खाडीच्या पुलाअलीकडे एक वळण आहे, तिथे रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उभा दिसला. पांढरा सदरा, गुडघ्याच्या वर लुंगी. हात डोळ्यांवर आडवा धरलेला. उजेडाने दिपलाय बिचारा, असं वाटेपर्यंत गाडी पुढे निघून गेली.

बुधवारी मुंब्र्याच्या पुढे एक स्कूटरवाला समोरून आला. मागे त्याची बायको, मध्ये पोर. उजेड तोंडावर पडला तसा तो हेलपाटला आणि स्कूटर कडेच्या मातीत घुसली. पडले नाहीत ते. रवींद्रने आरशात पाहिलं, ते तिघं उभे होते. तो थांबला नाही. दोन वर्षं दिसत नव्हतं तेव्हा कुणाला धक्का लागला नव्हता, आणि आता दिसायला लागल्यावर ही तऱ्हा. त्याला स्वतःची लाज वाटली. पण दिवे काढायचे म्हणजे पुन्हा ते धुकं.

बारा चाळीस. वळण. म्हातारा तिथेच होता. हात तसाच, डोळ्यांवर. फक्त कडेला नव्हता आता. डांबरावर दोन पावलं आत आला होता.

रवींद्रने ब्रेक दाबला. पायल पुढच्या सीटवर आदळली.

"काय झालं काका?"

"तो म्हातारा बघ ना, मध्येच..."

"कोण म्हातारा?"

समोर पांढरा रस्ता. बाकी काही नाही.

"काका, तुम्ही झोपत नाही का नीट?" पायल म्हणाली. हळूच म्हणाली, पण पुढे घर येईपर्यंत ती जागी राहिली. गुरुवारीही जागीच होती. गुरुवारीही तिला काही दिसलं नाही. याला दिसलं. चार पावलं आत. आणि या वेळी हात जरा खाली होता, म्हणून दिसलं की एका डोळ्यावर हिरवी पट्टी आहे. डोळ्याच्या ऑपरेशननंतर बांधतात तशी. उजव्या डोळ्यावर.

शुक्रवारी दुपारी ठाण्याला जाताना त्याने त्या वळणावर गाडी थांबवली. तिथे जाईबाईंची चहाची टपरी आहे. जवळच्याच गावातल्या. याने चहा घेतला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "मावशी, इथे रात्री एक म्हातारा उभा असतो का हो? डोळ्याला पट्टी..."

जाईबाईंनी गाळणी तशीच हातात धरली.

"तुमाला दिसला?" त्या म्हणाल्या. "राघो तो. माझा दीर. चार वर्सं झाली. डोल्याचं आपरेशन करून आयलेला. रिक्षावाल्यान इथं फाट्यावर उतरवला. राती गाडी आली, असा पांढरा उजेड... त्यानं डोल्यावर हात धरला. पाय कुठं टाकला त्याला समजलाच नाय." मग चहा गाळत म्हणाल्या, "गाडी थांबली पन नाय बघा."

चहा ओतल्यावर त्यांनी एकदा याच्या गाडीच्या दिव्यांकडे पाहिलं. रवींद्रने कप न संपवताच खाली ठेवला.

दिवे बदलायला वेळ कुठे होता? शिफ्ट सुरू व्हायची होती. उद्या बदलू, असं त्याने ठरवलं. नेमकी पायल त्या दिवशी रजेवर. मुंब्र्याला चौथी बाई उतरली आणि गाडी रिकामी झाली.

चौदा नोव्हेंबर. शुक्रवार. शिळफाट्याला सिग्नलवर घड्याळात बारा एकतीस.

तो हळू चालला होता. रेडिओ बंद. काचा वर. दुसऱ्या रस्त्याने जावं असं मनात आलं. पण दुसरा रस्ता म्हणजे पाऊण तास जास्त, आणि अंगात तेवढं त्राण नव्हतं. भीतीपेक्षा शीण मोठा होता, हे त्याचेच शब्द.

वळण आलं.

म्हातारा रस्त्याच्या बरोबर मधोमध होता.

रवींद्रने गाडी कडेला घेऊन थांबवली. म्हातारा वळला. गाडीकडे. उजेडाकडे. दोन्ही हात आता तोंडासमोर. तो मागे सरकत होता... चाचपडत... एक पाऊल, थांब, एक पाऊल...

मागून ट्रक येत असता तर? समोरून आला असता तर? मेलेल्या माणसाची काय ती काळजी! पण रवींद्रच्या मनात तेच येत होतं. चार वर्षं हा माणूस रोज तेच करतोय. रोज कुणीतरी असाच उजेड घेऊन येतो आणि रोज कुणीच थांबत नाही. परवा त्या स्कूटरवाल्यासाठी आपणही थांबलो नाही.

"माफ कर बाबा," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला.

आणि त्याने दिवे बंद केले.

अंधार.

इंजिनही बंद केलं. का, ते त्याला माहीत नाही.

काही दिसेना. हातसुद्धा दिसेना. लांब पुलावर एक गाडी गेली. मग तीही नाही.

मग पावलं. चपला घासत, सावकाश. समोरून आली. बॉनेटपाशी थांबली. दाराच्या बाजूला आली.

काच वर होती. दाराला लॉक होतं. हे त्याने मला दोनदा सांगितलं.

दवाखान्याचा वास आला... स्पिरिटचा. कापसाचा.

आणि त्याच्या उजव्या डोळ्यावर कुणीतरी अंगठा ठेवला.

थंड. ओला नाही, नुसता थंड. अंगठ्याने पापणी वर केली. सावकाश. सवयीने. डॉक्टर करतात तशी...



किती वेळ...

मग अंगठा निघाला.

पावलं गाडीच्या मागे गेली. रस्ता ओलांडून. गावाच्या दिशेने. आता घासत नव्हती. बरोबर पडत होती.

त्याने दिवे लावले. रस्ता मोकळा होता. घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

शनिवारी सकाळी तो प्रीतमकडे गेला. प्रीतम म्हणाला, "आवडले नाहीत का काका?" हा म्हणाला, "समोरच्याला त्रास होतो रे. काढ." जुने हॅलोजन परत बसले. तिथून तो कंपनीत आला आणि सोमवारपासून दुसरी गाडी बघा म्हणून सांगून टाकलं. मी तिथेच होतो. विचारलं, "का रे बाबा?" तर म्हणाला, "भाऊ, मला रात्री दिसत नाही. दोन वर्षं दिसत नाही." चौदा वर्षांचं काम त्याने एका वाक्यात सोडलं. मला त्याचं वाईट वाटलं आणि खरं सांगतो, आदरही वाटला.

बुधवारी हेमावहिनी त्याला इथेच, नौपाड्यात, डॉक्टर ऋजुतांकडे घेऊन आल्या. संध्याकाळची वेळ, बाहेर वीस पेशंट, डॉक्टरही थकलेल्या. त्यांनी याची हनुवटी त्या मशीनवर टेकवली आणि डावा डोळा पाहिला. म्हणाल्या, "पिकलाय मोतीबिंदू. इतके दिवस काय करत होता? गाडी चालवता ना?"

मग उजवा पाहिला.

पुन्हा पाहिला. दिवा जवळ आणला. बऱ्याच वेळाने मान वर केली.

"याचं ऑपरेशन कुठे केलंत?"

हेमावहिनी हसल्या. "अहो डॉक्टर, ऑपरेशन कुठलं? यांना तर इथे आणायलाच दोन वर्षं लागली."

"वहिनी, आत लेन्स बसवलेली आहे. व्यवस्थित बसवलीय. चीर अजून ताजी आहे, आठवडासुद्धा झाला नसेल." डॉक्टर जरा चिडल्याच. "दुसरीकडे केलंत तर केलंत. माझ्यापासून लपवायचं काय त्यात?"



डॉक्टरांनी कागद पुढे ओढला, लिहायला लागल्या. लिहिता लिहिता त्यांचा आवाज जरा निवळला.

"डोळा छान आहे पण. सूज नाही, लाली नाही, म्हणजे ड्रॉप्स वेळच्या वेळी पडतायत. दिवसातून सहा वेळा ड्रॉप्स घालायचे म्हणजे घरच्यांची परीक्षा असते. कोण घालतं, वहिनी, तुम्ही का?"

हेमावहिनींनी रवींद्रकडे पाहिलं.

घरात ड्रॉप्सची बाटली कधी आलीच नव्हती.